बंदुकीच्या फॉर्मवरची माझी सही

माझ्याकडे एके काळी एक गोल शिक्का होता, आणि त्या शिक्क्याने मला एक वाईट खोड लावली.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी वैद्यकीय अधिकारी होते. लोकांना वाटतं, डॉक्टर म्हणजे दिवसभर पेशंट तपासणार. आमचा अर्धा जीव सह्या करण्यात जायचा. ओपीडी संपत आली की दाराशी कागद घेतलेली माणसं उभीच. मार्कलिस्टची सत्यप्रत, रेशनकार्डाची सत्यप्रत, आणि सगळ्यांत जास्त खप वर्तणुकीच्या दाखल्याला. ‘मी यांना गेली तीन वर्षे व्यक्तिशः ओळखते, त्यांची वर्तणूक चांगली आहे.’ समोरच्याला मी तीन मिनिटांपूर्वी पहिल्यांदा बघितलेलं असायचं. सही, शिक्का, पुढचा. नाही म्हटलं की ‘मॅडम लई कडक हाईत’ असं गावभर होणार. आणि खरं सांगते, मला त्यात काही गैर वाटतच नव्हतं. आपल्यामुळे कुणाचं अडू नये, एवढंच.

शिक्का तिथेच सरकारजमा झाला. खोड मात्र विमानात बसून माझ्याबरोबर आयर्लंडला आली.

आम्ही राहायचो कासलबारजवळ, देशाच्या पश्चिम टोकाला. मी एका सरकारी हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात रजिस्ट्रार, म्हणजे मुख्य डॉक्टरांच्या हाताखालची डॉक्टर. बाहेरून शिकून आलेला डॉक्टर इथे वर्षानुवर्षं रजिस्ट्रारच राहतो, त्याचं रडगाणं आज नको. आमचं काम काय, तर दारातून जे येईल ते. छातीत दुखणारे, पडलेल्या म्हाताऱ्या, ट्रॅक्टरखाली आलेले पाय. गोळी लागलेला माणूस म्हणाल तर इतक्या वर्षांत एकच, तोही कुंपण ओलांडताना स्वतःच्याच बंदुकीचे छर्रे पायात घेऊन आलेला. लाजून चूर झाला होता बिचारा.

पण जीव द्यायला निघालेली आणि वाचलेली माणसं मात्र पुष्कळ यायची. त्यांना सरळ विचारायचं असतं, हे मला इथे शिकवलं गेलं. आडून नाही, ‘मनात काही वाईट विचार वगैरे’ असं नाही. ‘तुम्ही जीव द्यायचा विचार करताय का?’ असं, डोळ्यांत बघून. पहिल्यांदा विचारताना माझी जीभ अडखळली होती. विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही, उलट माणूस सुटल्यासारखा बोलतो. एकाने मला सांगितलं होतं, तो जे शोधत होता ते बहिणीने कपाटातून आधीच काढून नेलं होतं. त्याने सगळं घर पालथं घातलं, मग दमून चहा केला, आणि चहा पिता पिता त्याला स्वतःचीच भीती वाटली. म्हणून तो आपल्या पायांनी आमच्याकडे आला. हा माणूस मी विसरले नव्हते. तरीही पुढे मी जे केलं ते केलंच.

मार्टिन आमचा शेजारी. आमच्या मागच्या अंगणाला दगडी गडगा आणि गडग्यापलीकडे त्याचं रान. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, पंचवीस-तीस मेंढ्या आणि टेस नावाची कुत्री बाळगून असलेला माणूस. आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात गडग्यावर सहा अंडी ठेवून गेला होता, ती पुढे दर शनिवारी यायची. २०१५च्या शरदात त्याची बायको ब्रीडा गेली. त्यानंतर त्याचा कोट त्याला मोठा व्हायला लागला, तो भेटला की हवेबद्दल बोलायचा आणि लगेच वळायचा. मी हे सगळं बघत होते. बघणं आणि लक्षात घेणं यांत फरक असतो, हे हॉस्पिटलात मला पक्कं ठाऊक, आणि घरी आले की विसरायला व्हायचं.

पुढच्या वसंतात माझे सासरे, अण्णा, तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. गावी जंगलाला लागून ऊस, त्यात रानडुकरं, म्हणून पीक राखायला त्यांच्याकडे परवान्याची बंदूक. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्यापासून ते गावी एकटेच होते, आणि ‘जरा चार दिवस या’ म्हणून माझ्या नवऱ्याने, सुहासने, हट्टाने आणलं होतं. त्या दिवसांत डब्लिनमध्ये टोळ्यांची मारामारी पेटली होती. टीव्हीवर रोज गोळीबार. अण्णांना इंग्रजी फारसं कळत नसे, पण चित्रं कळायची.

“हितं कायदा कडक म्हणतोस न्हवं?” ते सुहासला विचारायचे. “पोलिसाच्या कंबरंलासुदिक पिस्तूल न्हाई म्हणतोस. मग ह्या बाबांकडं कुठनं आली?”

“चोरून आणतात, अण्णा.”

“मग कायदा कुणासाठी? माझ्यासारख्यासाठी. दर निवडणुकीला मी शाण्यासारखा ठाण्यात जाऊन बंदूक जमा करून येतो. दोन-दोन महिनं डुकरं ऊस खात्यात. आन् गावठी कट्टं घेऊन फिरणारं फिरत्यातच. त्यांनी कवा फॉर्म भरला?”

हॉस्पिटलात आमच्या चहाच्या खोलीतही हेच चालायचं. टोळीवाले फॉर्म भरत नाहीत, मग बाकीच्यांना कशाला छळता, असं माझा एक आयरिश सहकारी तावातावाने म्हणायचा. त्याच्याकडे बदकं मारायची बंदूक होती. मला दोघांचंही पटायचं.

आणि त्याच आठवड्यात मार्टिन फॉर्म घेऊन आला.

इथे साधी बंदूक ठेवायची तरी पोलिसांचा परवाना लागतो. पोलिसांना गार्डा म्हणतात. फॉर्मवर बंदूक कशाला हवी, कुठे कुलपात ठेवणार, तुमचा डॉक्टर कोण, त्याला तुमच्या तब्येतीविषयी विचारायला तुमची परवानगी आहे का, आणि तुम्हाला ओळखणारी दोन माणसं कोण, असं सगळं असतं. मार्टिनकडे त्याच्या वडिलांची जुनी बंदूक होती. परवाना पूर्वीच संपलेला, म्हणून ती शहरातल्या बंदुकांच्या दुकानात ठेवलेली. आता त्याला ती परत हवी होती.

“कोल्हा कोकरं नेतोय,” तो म्हणाला. “एक नाव माझ्याबरोबर बस चालवणाऱ्याचं घातलंय. दुसरं तुझं घालू का, डॉक्टर?”

मी ओट्याशी पोळ्या करत होते. हाताला पीठ. “घाल की,” म्हणाले, “त्यात काय विचारायचं.” नुसतं नाव दिलं असतं तरी चाललं असतं. पण सोबत गार्डासाठी चार ओळींचं पत्र बरं दिसेल म्हणून ते तो घरून टाईप करूनच घेऊन आला होता. मी पदराला नाही, जीनला हात पुसले आणि सही केली. तीन वर्षे ओळखते, स्वभाव चांगला. माझ्या मनाने कुठेतरी शिक्कासुद्धा उमटवला असेल. तो घरात आला नाही, बसला नाही, चहाला थांबला नाही, आणि मीही आग्रह केला नाही. पोळी करपत होती.

आठवड्याभराने गार्डाच्या सार्जंटचा फोन आला. मी ड्युटीवर, एका कानाला फोन आणि समोर मनगट मोडलेली बाई. मार्टिनला कधीपासून ओळखता? तीन वर्षं. बायको गेल्यापासून कसा आहे?

“ग्रँड,” मी म्हणाले. “ही इज ग्रँड.”

ठीक, छान, मस्त, इथे हा शब्द सगळ्याला चालतो. हवेला, चहाला, मोडलेल्या मनगटाला. सार्जंटने आभार मानून फोन ठेवला.

त्यानंतर दोन आठवडे काहीच झालं नाही. अण्णा रोज सकाळी मफलर गुंडाळून गडग्यापाशी जाऊन उभे राहायचे. पलीकडून मार्टिन यायचा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी अर्धा-अर्धा तास उभे असायचे. एकदा मी विचारलं, काय बोलता? तर अण्णा म्हणाले, “बोलायचं काय त्यात.”

मग एका शनिवारी दुपारी मार्टिन ढकलगाडीतून ब्रीडाचं शिवणाचं मशीन घेऊन आला. मला शिवणाचा ओ की ठो येत नाही, त्याला ठाऊक होतं. “तुझ्याकडे राहू दे,” म्हणाला. “तिला आवडलं असतं.” मी नको नको म्हटलं, सुहासने उचलून आत घेतलं. जाता जाता मी विचारलं, टेस दिसत नाही?

“तिला भाच्याकडे दिली. स्लायगोला. तिथे मोकळं रान आहे.”

आणि तो गेला. अंडी नेहमीची सहा नव्हती, दोन ट्रे भरून होती.

रविवारी सकाळी न्याहारीला बसलो तर मशीन टेबलाच्या कडेला तसंच. मी सुहासला म्हणाले, “कुत्री का दिली असेल रे?” तो म्हणाला, “झेपत नसेल.” मी म्हणाले, “कोल्ह्याची एवढी भीती, आणि राखणीची कुत्री देऊन टाकली?”

अण्णा बशीत चहा ओतत होते. ते थांबले.

“कुठला कोल्हा?”

“कोकरं नेतोय ना. म्हणून तर त्याने बंदूक मागितलीय.”

“एकबी कोकरू कमी न्हाई,” अण्णा म्हणाले. “मी रोज मोजतोय. आल्यापास्नं एकतीस हाईत. आजबी एकतीस.”

मशीन, कुत्री, दोन ट्रे अंडी. जीव द्यायच्या आधी जिन्नस वाटून टाकणारी माणसं मी कामावर डझनांनी बघितली होती, त्यांच्या नातेवाइकांना हेच प्रश्न विचारले होते. आणि माझ्या दारात ढकलगाडी लागली तेव्हा मी म्हणाले होते, नको, नको.

“तू पोलिसास्नी फोन कर,” अण्णा म्हणाले.

मी जागची हलले नाही. लिहायला लाज वाटते, पण पहिला विचार मार्टिनचा नव्हता, माझा होता. सही कशी केलीत, न बघता केलीत का, असं विचारलं तर? माझं डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशन? आणि मी म्हणते तसं नसेलच तर? गावभर होणार, परदेशी डॉक्टरणीने शेजाऱ्याला वेडा ठरवला. मी अण्णांनाच उलट बोलले, “तुम्हीच म्हणता ना, कायद्याने काही होत नाही. ज्याला करायचंय तो काहीही करून करतोच.”

“मी लई काय काय म्हणतो,” अण्णा म्हणाले. “फोन कर, पोरी. आत्ता.”

आवाज चढलेला नव्हता, पण त्यांनी बशी बाजूला सारून फोन माझ्यापुढे सरकवला. एवढं त्यांनी का मनाला लावून घ्यावं, हे मला तेव्हा कळलं नाही.

सार्जंटने रविवारीही फोन उचलला. मी म्हणाले, मी तुम्हाला ग्रँड म्हणाले ते मागे घेते. त्याने मधे न बोलता ऐकून घेतलं. मग म्हणाला, मंजुरीचं पत्र गेल्या आठवड्यात गेलंय, पुढचे कागदही झालेत, उद्या दुकान उघडलं की तो बंदूक घेऊन जाऊ शकेल. मी निघतोच, पण मी तीस मैलांवर आहे.

“मी दोन मिनिटांवर आहे,” मी म्हणाले.

मागच्या दाराने, गडगा ओलांडून मार्टिनकडे गेले. चिखलात सपाता. तीन वर्षांत मी त्या स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकलं नव्हतं, आणि पत्रात लिहिलं होतं, व्यक्तिशः ओळखते. आत सगळं लख्ख. कपाटं रिकामी. टेबलावर कपबश्यांचे संच मांडलेले, प्रत्येकावर चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव. एका चिठ्ठीवर माझ्या मुलीचं, ईराचं नाव होतं. तिला तो बाटलीने कोकरांना दूध पाजायला द्यायचा.

मार्टिन खुर्चीत बसला होता, कोट घालून.

मी कामावर विचारते तसं विचारलं. “मार्टिन, तू जीव द्यायचा विचार करतोयस का?”

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “उद्याचा होता.”

मी बसले.

“तू तर लिहून दिलंस, मी चांगला माणूस आहे,” तो म्हणाला.

“आहेसच. पण ती सही मी वाचून केली नव्हती.”

“माहीत आहे मला.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. “म्हणून तर तुझ्याकडे आलो. चर्चच्या फादरकडे गेलो असतो तर त्यांनी आधी चहाची किटली ठेवली असती. मग विचारत बसले असते. तू कामात असतेस. तू विचारणार नाहीस, हे मला ठाऊक होतं.”

माझ्या आयुष्यात मला कुणी यापेक्षा कठोर बोललेलं नाही. आणि तो तर मला बोललाही नव्हता, नुसतं सांगत होता.

मग मी उठून किटली ठेवली. चहा कुठे आहे ते सापडेना, कारण तोही कुणाच्या तरी चिठ्ठीखाली गेला होता. सार्जंट येईपर्यंत पाऊण तास आम्ही बसलो. तो ब्रीडाबद्दल बोलला, थांबला की मी थांबू दिलं. सार्जंट टोपी काढून आत आला, एक कप चहा प्यायला, आणि जाताना ते मंजुरीचं पत्र घेऊन गेला. मार्टिनने ते स्वतः ड्रॉवरमधून काढून दिलं. त्याच संध्याकाळी त्याला दाखल केलं. माझ्या हॉस्पिटलात नाही, ते एक बरं झालं. दारापाशी सार्जंट मला एवढंच म्हणाला, “पुढच्या वेळी मला ग्रँड म्हणू नका, डॉक्टर. नक्की सांगा.”

मला वाटत होतं, शिक्षा होईल. काही झाली नाही. झाली ती गडग्यावर. मार्टिन दोन महिन्यांनी घरी आला, टेसही परत आली, पण तो माझ्याकडे बघेना. दुकानातही नाही. अख्ख्या गावात त्याचा बोभाटा झाला, तो माझ्यामुळे, आणि ते खरंच होतं. मशीन मी परत पोचवलं, ते त्याने दार न उघडता, काचेतून बोट दाखवून व्हरांड्यात ठेवायला लावलं. रोज सकाळी उठले की मी आधी त्याच्या धुराड्याकडे बघायचे. धूर दिसला की कामावर जायचे. एका सकाळी धूर नव्हता तर मी गाडी तशीच सोडून गडग्यावर चढले, आणि तो अंगणात लाकडं फोडत होता. मला बघून त्याने कुऱ्हाड खाली ठेवली आणि म्हणाला, “जिवंत आहे, डॉक्टर. जा कामाला.” वर्षभरात तो माझ्याशी बोलला ते हे पहिलं.

त्याच शनिवारी गडग्यावर अंडी होती. सहा.

त्याने मला माफ केलं का, विचारलेलं नाही. आता मी विचारायला शिकले आहे, पण हा एक प्रश्न राहू दिला आहे. सही मात्र मी आता सहजासहजी करत नाही. कुणी कागद आणला की आत बोलावते, बसवते, वाचते. आपली मराठी मुलं भाड्याने घर घ्यायला ओळखीचं पत्र मागायला येतात, ती वैतागतात. वैतागू देत. चहाच्या खोलीत तो बदकवाला सहकारी अजून म्हणतो, चोर काही फॉर्म भरत नाहीत. मी म्हणते, बरोबर आहे, मार्टिन भरतो. डब्लिनच्या टोळ्यांचं काय करायचं ते मला आजही सांगता येत नाही, आणि टीव्हीवर गोळीबार दिसला की मला अजून भीती वाटते. तो फॉर्म त्यांना अडवत नाही, हे खरंच आहे.

अण्णा २०१६च्या जूनमध्येच गावी परत गेले होते. दर रविवारी फोन, ऊस, डुकरं, आणि निवडणूक लागली की ठरलेली कटकट. २०१९च्या उन्हाळ्यातही बंदूक ठाण्यात जमा झाली, नेहमीप्रमाणे सरकारचा उद्धार झाला. निकाल लागल्यावर मी सवयीने विचारलं, “आणली का परत?”

“न्हाई आणली.”

“का? डुकरं?”

“डुकरं खाऊ देत किती खायचं ते. ठाण्यात लिहून दिलं, परवाना नको म्हणून.” मग त्यांनी मधेच विचारलं, “तुझी सासू गेली तवा निवडणूक लागली हुती. ध्यानात हाय?”

मला ते लक्षात नव्हतं.

“बाराव्यानंतर तुम्ही समदी गेलासा. एका दुपारी उठलो आन् कपाट उघडलं. बंदुकीचं. तर रिकामं. मीच चार दिस आदी ठाण्यात ठेवून आलो हुतो, शिव्या देत देत. तेबी ध्यानात ऱ्हायलं नव्हतं.”

माझ्या हातात फोन होता आणि खिडकीतून मार्टिनचं धुराडं दिसत होतं. मी कामावर विचारते तसं विचारायचं होतं, ते मला जमलं नाही. एवढंच म्हणाले, “मग, अण्णा?”

“मग काय,” ते म्हणाले. “हुबा ऱ्हायलो तिथंच. जरा येळानं लाईट आली. उसाची मोटर चालू कराय गेलो.”